डोकेदुखीची सोबत आणि कामाची जबाबदारी

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकारी महिलेने दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



भाषणास प्रारंभ करण्यापूर्वी मी संयोजकांना एक विनंती केली, ती आपल्यापैकी काहींच्या कानी पडली असेल. व्यासपीठावर समोरून येणारा मोठा दिवा मालवावा, एवढीच ती विनंती होती. त्यांनी ती तत्काळ मान्य केली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. काही वर्षांपूर्वी अशी विनंती करण्याचे धैर्य मला झाले नसते. मी त्या प्रकाशात उभी राहिले असते, भाषण कसेबसे उरकले असते आणि उरलेला दिवस अंधाऱ्या खोलीत काढला असता. आजच्या विषयाचे मर्म या एका छोट्या गोष्टीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन शासनाच्या सेवेत आले आणि आजवर माहितीचेच काम करीत आले. परंतु गेली सुमारे पंचवीस वर्षे अर्धशिशी माझ्या सोबतीला आहे. त्यामुळे हा आजार काय आहे आणि तो सांभाळून काम कसे करता येते, याची माहिती मला गरज म्हणूनच मिळवावी लागली. त्यातील जे उपयोगी आहे, ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

जुना रोग, जुनी नावे

हा रोग आधुनिक जीवनाने आणला, असा एक समज आहे. तो खरा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत डोक्याच्या अर्ध्या भागाला भेदणारा तो ‘अर्धावभेदक’ आणि सूर्य चढेल तसा वाढणारा तो ‘सूर्यावर्त’, अशी दोन नावे आहेत. ग्रीक वैद्य गेलन याने दुसऱ्या शतकात वापरलेल्या ‘अर्धे मस्तक’ या अर्थाच्या शब्दावरूनच पुढे ‘मायग्रेन’ हा शब्द झाला. आपल्या ‘अर्धशिशी’ या शब्दाचा अर्थही तोच आहे. हजारो मैलांवरच्या माणसांनी एकाच दुखण्याला एकाच अर्थाचे नाव द्यावे, यावरून त्याची ओळख किती स्पष्ट होती ते दिसते.

माझ्या आजीला हा त्रास होता. त्या दिवशी ती कपाळाला सुंठेचा लेप लावी, फडके घट्ट आवळी आणि माजघराच्या कोपऱ्यात पडून राही. घरात कोणी भांडे आपटले, तर ती आतूनच “अरे, जरा हळू” एवढेच म्हणे. आम्ही मुले “आज आजीचं डोकं चढलंय” म्हणत अंगणात निघून जात असू. तिला रजेचा अर्ज करावा लागत नव्हता, हे खरे. पण चुलीपासून तिला रजाही नव्हती. संध्याकाळी ती उठे आणि स्वयंपाकाला लागे. गावात अर्धशिशी ‘उतरवणारे’ एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे ती दोनदा जाऊन आली. मूळ दुखणे एक-दोन दिवसांत आपोआपच ओसरणारे असल्यामुळे, उतरवणाऱ्याला यश येण्यास फारशी अडचण नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

हा आजार म्हणजे नेमके काय

साधी डोकेदुखी आणि अर्धशिशी यांत भेद आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे औषध न घेतल्यास अर्धशिशीचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. दुखणे बहुधा एका बाजूस असते, ते ठणकते, मध्यम किंवा तीव्र असते आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही वाढते. जोडीला मळमळ वा उलटी, अथवा प्रकाश आणि आवाज असह्य होणे, ही लक्षणे असतात. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखू लागले, त्यांपैकी निदान ८ दिवस अर्धशिशीचे असले आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर त्यास दीर्घकालीन अर्धशिशी म्हणतात.

काही जणांना दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात. हा प्रकार ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज वैद्याने १८७० साली स्वतःला दिसणाऱ्या या रेघांची चित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांना किल्ल्याच्या तटबंदीची उपमा दिली. आपल्या मुलखात किल्ल्यांना तोटा नाही. मला दिसणारी आकृतीही बुरुजाबुरुजांनी वळत जाणाऱ्या तटासारखीच असते. फरक इतकाच की हा तट हळूहळू पसरत जातो आणि त्यामागची अक्षरे दिसेनाशी होतात.

पूर्वी असे मानले जाई की डोक्यातील रक्तवाहिन्या फुगल्यामुळे हे दुखणे उद्भवते. आता हा मूलतः मेंदू आणि मज्जातंतू यांचा विकार आहे, असे मानले जाते. चेहऱ्याची व डोक्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंतून ‘सीजीआरपी’ या नावाने ओळखले जाणारे द्रव्य झटक्याच्या वेळी स्रवते आणि दुखणे निर्माण करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. या संशोधनाबद्दल लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन या चौघांना २०२१ साली डेन्मार्कचा ‘ब्रेन प्राइझ’ हा मोठा पुरस्कार मिळाला. सांगावयाचे तात्पर्य असे की, हे दुखणे मनाचे खेळ नाहीत, कामाची टाळाटाळ नाही आणि स्वभावदोषही नाही.

आपल्याकडे याला ‘पित्त’ म्हणण्याची पद्धत आहे. डोके दुखते, उलटी होते आणि उलटीनंतर बरे वाटते. म्हणून पित्त खवळले असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः मळमळ आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग असतो. कोणी चष्म्याचा नंबर बदलून घेतो, कोणी सर्दीची औषधे घेत राहतो आणि त्यात वर्षे निघून जातात.

या रोगाचा पसारा किती आहे? शेजारच्या कर्नाटकात बंगळूर परिसरातील शहरी आणि ग्रामीण भागांत १८ ते ६५ वयोगटातील लोकांची घरोघर जाऊन पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण शेकडा २५ च्या आसपास आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दुपटी-तिपटीने अधिक आढळतो आणि तोही ऐन कर्तेपणाच्या वयात. म्हणजे जे हात शेतात, शाळेत, कार्यालयात आणि घरात सर्वाधिक राबतात, त्यांच्याच वाट्याला तो अधिक येतो.

एका आकड्याची गोष्ट

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती माझ्या मोठेपणाची नाही. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात काम करीत होते. पावसाळ्याचे दिवस होते. नदीला पूर आला होता आणि सखल भागातील कुटुंबे शाळांमध्ये हलविण्याचे काम चालू होते. दर दोन-तीन तासांनी वृत्तपत्रांकडे टिपण पाठवावयाचे होते. दोन रात्री पुरेशी झोप नव्हती, जेवणाची वेळ चुकली होती आणि चहावर चहा चालला होता. रात्री अकराच्या सुमारास डोळ्यांपुढे तो तट उभा राहू लागला.

त्या वेळी शेजारच्या टेबलावर आमचे लिपिक बसले होते. “मला नीट दिसत नाही, हे टिपण तुम्ही एकदा वाचा,” एवढे त्यांना सांगणे पुरेसे होते. मी ते सांगितले नाही. गोळी घेतली आणि टिपण पुरे केले. स्थलांतरित कुटुंबांचा आकडा ४२ होता. माझ्या हातून ४२० लिहिला गेला. लिपिकांनी तो तसाच टंकलिखित केला. सकाळी तो छापून आला. त्या गावांतील माणसांचे परगावी राहणारे नातेवाईक घाबरून दूरध्वनी करू लागले. दुपारपर्यंत दुरुस्ती गेली. पण घडू नये ते घडून गेले होते.

चौकशीत चूक ‘टंकलेखनाची’ ठरली आणि त्या लिपिकांकडून खुलासा मागविण्यात आला. मूळ कागद माझ्या अक्षरात होता आणि तो माझ्याच खणात होता. दोन दिवस मी गप्प राहिले. आजार सांगितला, तर यापुढे महत्त्वाचे काम मिळणार नाही, ‘बाईमाणूस, हिला झेपत नाही’ असा शेरा बसेल, ही भीती मनात होती. तिसऱ्या दिवशी ते लिपिक खुलाशाचा मसुदा घेऊन माझ्याकडेच आले आणि म्हणाले, “मॅडम, भाषा एकदा तपासून देता का?” त्यांनी चूक स्वतःची म्हणून मान्य केली होती. कारण, मी लिहिलेला आकडा चुकीचा असेल, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

तो मसुदा घेऊन मी वरिष्ठांच्या दालनात गेले आणि मूळ कागद त्यांच्यापुढे ठेवला. झाला प्रकार सांगितला, आजारही सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चूक झाली, ती झाली. पण हे तुम्ही आधी सांगितलं असतं, तर त्या रात्री मी दुसऱ्या कोणाला तुमच्याबरोबर बसवलं असतं.” लिपिकांचा खुलासा मागे घेण्यात आला. मला लेखी समज मिळाली आणि ती योग्यच होती.

मित्रहो, आपला आजार लपविणे ही आपली खासगी बाब आहे, असे मी तोपर्यंत समजत होते. परंतु आपल्या कामावर ज्यांचे काम अवलंबून आहे, त्यांना त्या लपविण्याची किंमत मोजावी लागते. हा धडा मी त्या दिवशी शिकले.

गोळ्यांचा फेरा

त्या काळात माझी आणखी एक चूक चालू होती. सुरुवातीस महिन्यातून दोनदा घेतली जाणारी वेदनाशामक गोळी आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड आणि शेवटी बहुतेक रोज घेतली जाऊ लागली. पर्समध्ये एक पाकीट, टेबलाच्या खणात एक आणि घरी उशाशी एक, अशी माझी तयारी असे. तरीही महिन्यातील सोळा-सतरा दिवस डोके दुखतच असे.

अखेर मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याचा नव्हे, तर गोळ्यांचा. वेदनाशामक औषधांचा अतिवापर हेच डोकेदुखीचे एक स्वतंत्र कारण आहे, हे मला त्या दिवशी कळले. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस आणि संयुक्त गोळ्या, अर्गोटामाइन किंवा ट्रिप्टान वर्गातील औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली गेली, तर औषधच दुखणे टिकवून धरते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळी आणणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट सर्वांना ठाऊक असणे फार आवश्यक आहे.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी त्या गोळ्या थांबविल्या. पहिले दहा-बारा दिवस कठीण गेले. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा घेतली. त्यानंतर झटके कमी करणारे रोजचे प्रतिबंधक औषध सुरू झाले. त्याचा गुण आठ दिवसांत दिसत नाही. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. पुष्कळ रुग्ण पंधरा दिवसांतच ते सोडून देतात आणि औषध निरुपयोगी ठरवितात. कोणते औषध कोणाला द्यावयाचे, हे सर्वस्वी डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. दमा असलेल्याला एक चालत नाही, हृदयविकार असलेल्याला दुसरे चालत नाही, गरोदरपणात कित्येक चालत नाहीत. म्हणून माझ्या औषधाचे नाव मी येथे मुद्दामच सांगत नाही. या विकारावरील औषधांना राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही स्थान आहे, एवढे मात्र आवर्जून सांगते.

एक इशाराही येथे दिला पाहिजे. प्रत्येक डोकेदुखी ही अर्धशिशी नसते. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी तीव्र वेदना. ताप आणि मान आखडणे. हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे. गरोदरपणात नव्याने उद्भवलेले दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

कामाची मांडणी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आजार पुरता जाणारा नसेल, तर त्याच्यासह काम कसे करावे? अनुभवाने मला ज्या गोष्टी उपयोगी पडल्या, त्या थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे नोंदवही. शासकीय सेवेत आपण आवक-जावक नोंदी ठेवतो, तशीच ही एक नोंद. तारीख, दुखणे सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, जेवणाच्या वेळा, स्त्रियांच्या बाबतीत पाळीची तारीख आणि घेतलेल्या गोळ्यांची संख्या, एवढ्या रकाने आखलेल्या वहीने तीन महिन्यांत मला माझ्याविषयी जे सांगितले, ते पूर्वी कोणी सांगितले नव्हते. माझे झटके कामाच्या ताणात फारसे येत नाहीत. ताण संपल्यावर, सुटीच्या पहिल्या सकाळी येतात, हे त्यातूनच उमगले. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तेव्हापासून शनिवारी दोन तास अधिक झोपावयाचे आणि चहा उशिरा घ्यावयाचा, असा माझा क्रम पडला होता. तो सोडला आणि शनिवारचे दुखणे निम्म्याने घटले.

दुसरी गोष्ट नियमितपणाची. या विकाराच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप, जेवण, पाणी आणि चहा यांच्या वेळा सांभाळणे हा कोणत्याही औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार आहे. आपल्याकडील उपवास हा येथे नाजूक प्रश्न ठरतो. माझ्या सासूबाईंना मी सांगितले, “आई, चतुर्थी मी सोडत नाही, पण निर्जळ आणि निराहार राहणार नाही.” त्यांनी सकाळीच दूध आणि केळे माझ्यापुढे ठेवले आणि तो प्रश्न तेथेच मिटला. आणखी एक आपल्याकडचेच निरीक्षण सांगण्यासारखे आहे. डोक्यावरून न्हाल्यानंतर अर्धशिशी उठते, असे अनेक स्त्रिया सांगतात आणि त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले जाते. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हा महत्त्वाच्या सभेच्या दिवशी सकाळी न्हाऊ नये, हा माझ्या आजीचा नियम अगदीच निराधार नव्हता.

तिसरी गोष्ट, झटका आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले औषध लवकर घेणे. झटक्यात जठराचे काम मंदावते आणि उशिरा घेतलेली गोळी अंगी लागत नाही. ‘बघू थोडा वेळ’ म्हणून दोन तास घालवणे आणि ऊठसूट गोळ्या घेणे, ही दोन्ही टोके टाळावयाची असतात. म्हणून गोळी वेळेवर, पण आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक नाही, ही मर्यादा मी पाळते. ती ओलांडली जाऊ लागली, तर पुन्हा डॉक्टरांकडे जाते.

चौथी गोष्ट कामाच्या आखणीची. आकड्यांचे, मसुद्यांचे आणि निर्णयाचे काम मी सकाळच्या ताज्या तासांत करते. मुदतीच्या कामाची माझी तारीख खऱ्या तारखेच्या दोन दिवस आधीची असते. प्रत्येक नस्तीच्या वरच्या पानावर ‘काय झाले, काय राहिले, कोणास विचारावे’ या तीन ओळी लिहून ठेवते. मी अचानक उठून गेले, तरी सहकाऱ्याला ती नस्ती पुढे नेता यावी. ज्या मजकुरात आकडे आहेत, तो दुसऱ्याने वाचल्याखेरीज बाहेर जात नाही. हा नियम मी माझ्या आजारामुळे केला. परंतु निरोगी सहकाऱ्यांच्या चुकाही त्याने थांबल्या, हे येथे नमूद करावेसे वाटते.

पाचवी गोष्ट बैठकीची. खिडकीचा झोत थेट डोळ्यांवर येणार नाही अशी खुर्ची, लुकलुकणारी नळी त्वरित बदलणे, संगणकाच्या पडद्याचा उजेड कमी ठेवणे, तीव्र वासाच्या उदबत्त्या आणि सुगंधी फवारे दालनात न वापरणे, यांस खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

वरिष्ठांचे कर्तव्य

आजार सांगावयाचा कसा, हाही प्रश्न असतो. मी नव्या ठिकाणी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात वरिष्ठांना चार वाक्ये सांगते. मला अर्धशिशी आहे. उपचार चालू आहेत. महिन्यातून पाच-सहा वेळा त्रास होतो आणि त्यांपैकी एखाद्या वेळी मला दोन-तीन तास अंधारात पडावे लागते. त्या वेळी काम अमुक सहकारी पाहतील आणि राहिलेले मी भरून काढीन. यात तक्रार नाही, सहानुभूतीची याचना नाही. केवळ माहिती आहे आणि तिच्यासोबत व्यवस्था आहे. आजवर बहुतेक वरिष्ठांनी ती समजून घेतली.

जे येथे वरिष्ठ म्हणून बसले आहेत, त्यांना माझे नम्र निवेदन आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांचा समावेश आहे. मात्र अर्धशिशीचे नाव तीत स्वतंत्रपणे नाही. रजेच्या बाबतीत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहेत. त्यांनुसार अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून घेता येते. परंतु तीन तासांच्या दुखण्यासाठी कोणी प्रमाणपत्र आणू शकत नाही, आणि नैमित्तिक रजेचे दिवस तर मोजकेच. म्हणून नियमांच्या पलीकडे उरते ती समजूत. कामगारांच्या डोकेदुखीवर झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे की, गैरहजेरीपेक्षा हजर राहून काम न होण्याने होणारा तोटा मोठा असतो. दोन तास विश्रांती दिलेला माणूस चौथ्या तासाला नीट काम करतो. ती नाकारलेला माणूस दिवसभर खुर्चीवर बसतो आणि कदाचित ४२ चे ४२० करतो.

अर्थात सवलतीचा गैरफायदा घेणारा एखादा निघेल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय नोंदवहीचा आणि कामाच्या हिशोबाचा आहे. महिन्याचे काम महिन्यात पुरे होते की नाही, ते पाहावे. कोणत्या दुपारी कोण किती वेळ पडून होते, ते मोजू नये.

शाळा आणि गाव

शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. हा विकार मुलांनाही होतो. मुलांमध्ये झटका मोठ्यांपेक्षा कमी वेळ टिकतो आणि दुखणे बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंस असते. त्यामुळे दोन तासांत खेळू लागलेले मूल ‘ढोंगी’ ठरते. उन्हातली लांबलेली प्रार्थना, सकाळी न खाता येणे, पाण्याची बाटली नसणे, ही कारणे शिक्षकाच्या नजरेस सहज येऊ शकतात. अशा मुलाला शिक्षा न करता शांत जागी तासभर पडू द्यावे, पाणी द्यावे आणि पालकांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. फळ्यासमोर बसविल्यावरही ज्याला अक्षरे अधूनमधून दिसत नाहीत, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

ग्रामपंचायत सदस्यांकडे एक मागणे आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मिरवणुकीच्या डॉल्बीपुढे ज्याची रात्र अंधाऱ्या खोलीत कान दाबून जाते, असा माणूस गावात चौथ्या-पाचव्या घरात असू शकतो, हे त्या कर्नाटकच्या पाहणीवरून लक्षात यावे. तो तक्रार करण्यास येणार नाही, कारण त्या वेळी त्याला उठताच येत नाही. त्याच्या वतीने नियम पाळून घेणे आपल्या हाती आहे. आशा कार्यकर्तींच्या बैठकीत वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराचा विषय एकदा घ्यावा, हीही विनंती.

समारोप

मी बरी झाले, असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. महिन्यातील सोळा-सतरा दिवसांचे दुखणे पाच-सहा दिवसांवर आले आहे. काही महिने बरे जातात, काही जात नाहीत. गेल्या आठवड्यात एका बैठकीतून मला उठून यावे लागले. त्या बैठकीचे इतिवृत्त माझ्या सहकारी महिलेने लिहिले, ते मी दुसऱ्या दिवशी तपासले आणि वेळेवर पाठविले.

ज्यांच्याकडून खुलासा मागविला गेला होता, ते लिपिक आता सेवानिवृत्त झाले आहेत. त्यानंतरची तीन वर्षे आम्ही एकत्र काम केले. अधूनमधून ते माझ्या टेबलाशी येत आणि म्हणत, “मॅडम, आज आकडे मी वाचू का?” माझा चेहरा पाहून त्यांना ते कळत असे. आपल्या कार्यालयात, शाळेत, पंचायतीत असा प्रश्न विचारणारा एक जण असावा आणि त्याला ‘हो, वाचा’ असे निःसंकोचपणे सांगता यावे, एवढे झाले तरी पुष्कळ होईल.